आजींची बेल आणि अकरा हजार चौकोन

पॅनेलची कल्पना माझी होती, हे मी सुरुवातीलाच कबूल करून टाकतो. मी नाही केलं तर माझी बायको सांगेल, आणि तिने सांगितलेलं फार लांबतं.

आमच्या इमारतीच्या दाराशी चोवीस बटणांची एक पितळी पाटी होती. बटण दाबलं की त्या घरात बेल वाजायची आणि घरातलं माणूस वरूनच खालचं दार उघडायचं. वर्षानुवर्षं ती पाटी बिनबोभाट काम करत होती आणि तिच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पण मी कमिटीचा सेक्रेटरी झालो होतो, आणि नवीन सेक्रेटरीला तक्रार नसलेली वस्तू बघवत नाही. मी पाटी काढून टाकली आणि तिथे डिजिटल पॅनेल बसवलं. काळी काच, निळा उजेड, बोटाने यादी वरखाली सरकवायची आणि हव्या त्या नावावर बोट टेकवायचं. उद्घाटनाला मी अकरा मिनिटं बोललो. बायको म्हणते एकवीस.

पॅनेलवर फक्त नावं होती, घरांचे नंबर नव्हते. ही करामत हरकतकाकांची. हे दुसऱ्या मजल्यावर एकटेच राहतात. छत्तीस वर्षं विमा कंपनीत दावे तपासण्याच्या खात्यात काढून ते निवृत्त झाले, पण ते खातं त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. कुठल्याही मीटिंगमध्ये त्यांचं पहिलं वाक्य "माझी हरकत आहे" हेच असतं. एकदा चहा आला तेव्हासुद्धा ते सवयीने हेच म्हणाले आणि मग मुकाट्याने चहा प्यायले. नंबर दाखवले तर चोराला कोण कुठे राहतं ते कळतं, अशी त्यांनी हरकत घेतली आणि नंबर गेले. दार उघडायला प्रत्येक घराला दोनच कार्डं द्यायची, तिसरं मिळणार नाही, हा ठराव मात्र माझा. शिस्त म्हणून मी तो मांडला होता आणि त्याचा मला अभिमान होता.

तिसऱ्या मजल्यावर एक दंतवैद्य राहतात. त्यांची बायको कोरियन. ती एका प्रयोगशाळेत काम करते आणि आमची भाषा जरा थांबत थांबत, पण माझ्यापेक्षा शुद्ध बोलते. वर्षभरापूर्वी तिची आई इथे राहायला आली. आम्ही सगळे तिला आजी म्हणतो. आजी रोज दुपारी चारला कापडी टोपी घालून एकट्या बाहेर पडायच्या, तळ्याला दोन फेऱ्या मारायच्या आणि सव्वापाचला, लेक कामावरून आली की, परत यायच्या. पाटीवर तिसरी ओळ, दुसरं बटण. त्या न बघता दाबायच्या. आपली अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती आणि त्यांचं त्यावाचून काही अडतही नव्हतं.

पॅनेल बसलं त्याच्या दुसऱ्या दिवशी आजी दारात चाळीस मिनिटं उभ्या होत्या. मी हे माझ्या खिडकीतून बघितलं. मला वाटलं, पॅनेलचं कौतुक करताहेत.

मग सल्ले सुरू झाले. तळमजल्यावरच्या शिक्षिकाबाई म्हणाल्या, आजींच्या घरच्या नावावर काचेवरच एक लाल ठिपका चिकटवा. मी चिकटवला. पण यादी सरकणारी आणि ठिपका जागचा न हलणारा. कुणी ना कुणी यादी सरकवून जायचं आणि ठिपक्याखाली रोज वेगळंच बिऱ्हाड यायचं. आजी मोठ्या विश्वासाने ठिपका दाबायच्या. सोमवारी शिक्षिकाबाईंची झोप गेली, मंगळवारी कुणाचं तान्हं उठलं, बुधवारी हरकतकाकांनी लेखी तक्रार दिली. गुरुवारी ठिपक्याखाली मीच आलो. मी धावत जाऊन दार उघडलं तेव्हा आजी मला वाकून वाकून नमस्कार करत होत्या, आणि मला कुठे तोंड लपवू असं झालं.

दुसऱ्या आठवड्यात आजी दिसेनाशा झाल्या. दंतवैद्यांची बायको जिन्यात भेटली तेव्हा मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आजी फिरायला जात नाहीत हल्ली?"

"नाही," ती म्हणाली. "आई म्हणते, लोकांना त्रास होतो. आता खिडकीत बसते."

"तेही छान. तळं दिसत असेल."

"खिडकीतून पार्किंग दिसतं," ती म्हणाली. मग जिन्याची एक पायरी चढून, "आई परत जाते म्हणते. पुढच्या महिन्याच्या अखेरीला. तिथे तिला स्वतःच्या घरात स्वतः जाता येतं."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर मला बरं वाटलं असतं. तक्रारीला उत्तर देता येतं.

घरी येऊन मी हे बायकोला सांगितलं. ती भाजी चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली. "अहो, म्हणजे तुमच्या त्या निळ्या दिव्याने एका म्हाताऱ्या बाईला घरात कोंडलं," ती म्हणाली. "त्यांना तिसरं कार्ड द्या."

"ठराव आहे."

"ठराव कुणाचा?"

मी विषय बदलला. आपलाच ठराव आपणच मोडायचा, तोही हरकतकाकांच्या डोळ्यांदेखत, हे मला जमण्यासारखं नव्हतं. पण एक उपाय मला सुचला आणि तो इतका साधा होता की मला स्वतःचं कौतुक वाटलं. आजींना आपली अक्षरं येत नाहीत ना? मग पॅनेलवर त्यांचं नाव त्यांच्या अक्षरात लिहू. कोरियन नाव, तीन अक्षरं. "पाच मिनिटांचं काम आहे," असं मी म्हणालो. हे वाक्य मी मोठ्याने म्हणालो होतो आणि घरात साक्षीदार होता.

दंतवैद्यांच्या बायकोने नाव फोनवर पाठवलं. मी ते कमिटीच्या कॉम्प्युटरवर घेतलं, तिथून उचलून पॅनेलच्या यादीत टाकलं आणि खाली जाऊन बघितलं. पॅनेलवर तीन चौकोन आले होते. सुबक, एकसारखे, कोपरे अगदी काटकोनात. कोरियन अक्षरं चौकोनात बसवलेली असतात हे मी कुठेतरी वाचलेलं होतं. मी थक्क झालो. काय ती शिस्त, म्हटलं. तीनही अक्षरं सारखीच कशी, अशी शंका चाटून गेली, पण आपल्याकडेही एकच अक्षर पुन्हा पुन्हा येणारी नावं असतातच की.

मी चार शेजारी गोळा केले. शिक्षिकाबाई म्हणाल्या, "लिपी सोपी दिसते हो." मी कोरियन लिपीच्या साधेपणावर थोडं बोललोसुद्धा. तेवढ्यात दंतवैद्यांची बायको कामावरून आली. तिने चौकोनांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि ती जितक्या हळुवारपणे सांगता येईल तितक्या हळुवारपणे म्हणाली, "काका, हे नाव नाही. मशीनकडे अक्षर नसलं की ते असा चौकोन दाखवतं."

शेजारी पांगले. पांगताना ते हसले नाहीत. जिन्याच्या वळणापर्यंत त्यांनी कळ काढली.

मी पॅनेलच्या कंपनीला फोन लावला. तिथली मुलगी फार गोड बोलणारी होती. तिने मला तीनदा थांबायला सांगितलं, तीनदा तेच संगीत ऐकवलं आणि शेवटी म्हणाली, "सर, सेटिंगमध्ये जाऊन भाषा कोरियन करा." एवढंच? मी सेटिंगमध्ये गेलो आणि भाषा कोरियन केली.

आता काय झालं ते मला तेव्हा कळलं नव्हतं, नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगतो. कॉम्प्युटरला अक्षर ठाऊक नसतं, त्याला फक्त आकडे ठाऊक असतात. अमुक आकडा म्हणजे अमुक अक्षर, अशी एक यादी असते. आकडे एका यादीने लिहिले आणि दुसऱ्या यादीने वाचले, तर सगळी वाताहत होते. मी पॅनेलच्या हातात कोरियनची यादी दिली, आणि चोवीस घरांचे आकडे मात्र आपल्या भाषेचे होते. पॅनेलने ते इमानदारीने कोरियन म्हणून वाचले. संध्याकाळी लोक कामावरून परत आले तेव्हा चोवीस बिऱ्हाडांची नावं कोरियन आणि त्याच यादीतल्या चिनी चिन्हांच्या जंगलात हरवली होती.

माझा तो दिवस मी विसरू इच्छितो, पण इमारतीत कुणी विसरू देत नाही. ज्यांची कार्डं घरात राहिली होती ते अंदाजाने दाबत सुटले. पार्सलवाला सगळी पार्सलं पायरीवर मांडून निघून गेला. शिक्षिकाबाईंच्या बहिणीने सात घरांच्या बेला वाजवल्या आणि सातही घरांनी आम्हाला बहीण नाही म्हणून तिला परत पाठवलं. गोंगाट ऐकून दंतवैद्यांची बायको आजींना घेऊन खाली आली. आजींनी काचेकडे बघितलं. मग त्या वाचू लागल्या, ओळीमागून ओळ, आणि त्यांचे खांदे हलू लागले. त्या हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, दाराच्या चौकटीला धरून हसत होत्या. वर्षभरात मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघितलं.

"माझ्या नावाचं काय झालंय?" हरकतकाकांनी विचारलं.

मायलेकींनी एकमेकींकडे बघितलं. "काका, काहीच अर्थ नाही," लेक म्हणाली.

"मग त्या हसल्या कशाला? मला लेखी हवं."

त्यांना ते आजतागायत लेखी मिळालेलं नाही.

कंपनीच्या मुलीने आणखी दोनदा संगीत ऐकवून मला मार्ग सांगितला. मुख्य भाषा आपलीच ठेवायची आणि खाली "इतर भाषा" असं लिहिलंय तिथे कोरियनवर खूण करायची. चोवीस नावं परत जाग्यावर आली. राहिलं आजींचं नाव. या वेळी मी ठरवलं की आता तोंडी कारभार नको, सगळं कागदोपत्री. मी दंतवैद्यांच्या बायकोला म्हटलं की नाव अधिकृतपणे द्या. तिने आजींच्या हातचं नाव कागदावर लिहून घेतलं, त्याचा फोटो काढला आणि तिच्या कॉम्प्युटरवरून मला पाठवला. अक्षर किती सुरेख! पण फोटोतून अक्षरं उचलता येत नाहीत. मी जरा विचार केला आणि माझ्या लक्षात आलं की फोटोच्या फाइलला तिने आईचंच नाव दिलंय. मी फाइलचं नाव उचललं आणि पॅनेलवर टाकलं. माझ्या हुशारीवर मी तेव्हा फार खूश होतो.

पॅनेलवर आता चौकोन नव्हते. खरीखुरी कोरियन चिन्हं होती. फक्त ती तीन नव्हती, नऊ होती. एकामागून एक, सुटी सुटी, दोरीवर वाळत घातल्यासारखी.

मी आजींना बोलावलं. त्यांनी चष्मा लावला, एकेका चिन्हावर बोट ठेवत, लहान मुलं वाचतात तसं ओठ हलवत वाचलं, आणि मान डोलावली. "वाचता येतं?" मी विचारलं. येतं, लेक म्हणाली. मी मनात उपसंहाराचं भाषण सुरू केलं होतं. तेवढ्यात आजी हळूच काहीतरी बोलल्या.

"काय म्हणतात?"

लेकीला सांगायला अवघड जात होतं. "आई म्हणते, वाचता येतं, आभारी आहे. पण हे मी नाही. हे माझं सुटं सामान आहे."

शेवटी कंपनीने माणूस पाठवला. माणूस म्हणजे एक पोक्त बाई, खांद्याला हत्यारांची पिशवी आणि चेहऱ्यावर जगातली सगळी पॅनेलं बघून झाल्याची शांती. तिने काच उघडली, आपला छोटा कॉम्प्युटर जोडला, नऊ चिन्हांकडे बघितलं आणि विचारलं, "फाइलच्या नावातून उचललं का?"

आपली चोरी इतकी स्वच्छ पकडली गेली की राग येत नाही, आदर वाटतो. मी हो म्हणालो.

"काही कॉम्प्युटर फाइलचं नाव तुकडे करून ठेवतात," ती म्हणाली. तोवर पायरीवर गर्दी जमली होती, हरकतकाकांसकट. तिने आम्हाला समजावलं, आणि मला कुणीही कुठलीही गोष्ट इतक्या थोडक्यात समजावल्याचं आठवत नाही. आपण क लिहितो, त्याला वेलांटी देतो, कॉम्प्युटर दोन्ही वेगळे ठेवतो आणि दाखवताना जोडतो. जोडता नाही आलं की वेलांटी एका ठिपक्यांच्या गोलाला लटकलेली दिसते. विजेच्या बिलावर मी अशी वेलांटी बघितलेली होती. कोरियनचंही तसंच. वर सुरुवातीचा तुकडा, बाजूला किंवा खाली स्वर, आणि कधी तळाला आणखी एक तुकडा. तिन्ही मिळून एक चौकोन. कॉम्प्युटरमध्ये हे दोन तऱ्हांनी ठेवता येतं. एक तर तुकडे द्यायचे आणि पडद्याने ते जोडायचे. आमचं पॅनेल जोडायला शिकलेलं नव्हतं. नाहीतर प्रत्येक तयार चौकोनालाच स्वतःचा आकडा द्यायचा.

"असे किती चौकोन?" शिक्षिकाबाईंनी विचारलं.

"सुरुवातीचे तुकडे एकोणीस, स्वर एकवीस, तळाचे सत्तावीस. शिवाय तळाला काहीच नसणं, ते धरून अठ्ठावीस. सगळ्यांचा गुणाकार केला की अकरा हजार एकशे बहात्तर."

काहीच नसण्यालाही एक जागा धरलेली आहे हे ऐकून मला बरं वाटलं. मी कमिटीवर आहे, त्यामुळे.

तिने तयार चौकोनांचं नाव टाकलं. पहिलं अक्षर आलं, नीट, डौलदार. तिसरं आलं. मधल्याच्या जागी मात्र रिकामा चौकोन होता.

बाईने यादी उघडून बघितली आणि मान हलवली. "तुमच्या पॅनेलमध्ये जुनी यादी आहे. त्या काळी जागा कमी होती, म्हणून अकरा हजार घेतले नाहीत. नेहमी लागणारे तेवढे घेतले. दोन हजार तीनशे पन्नास. हे मधलं अक्षर त्यात नाही."

"नेहमी लागणारे कुठले ते कुणी ठरवलं?" हरकतकाकांनी विचारलं.

"कमिटीने," ती म्हणाली.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या कमिटीशी माझा काही संबंध नव्हता हे मी इथे नमूद करतो.

"जवळचं दुसरं अक्षर टाकू का?" बाईने विचारलं. "एका तुकड्याचा फरक. दिसायला तसंच दिसेल."

लेकीने आजींना विचारलं. आजींनी काचेतल्या त्या रिकाम्या चौकोनाकडे बघितलं आणि चक्क आमच्या भाषेत म्हणाल्या, "चालेल." आमच्या भाषेतला एवढा एकच शब्द त्यांना येत होता.

मला हायसं वाटलं. खोटं कशाला बोलू? मी घाईघाईने म्हटलंसुद्धा, "झालं तर मग!" आणि जिन्याकडे वळलो. पण लेक तिथेच उभी होती आणि ती आम्हा कुणाकडे न बघता बोलू लागली.

आजींचे वडील नदीवर होड्या दुरुस्त करायचे. मुलगी झाली त्या सकाळी नदीवरचा बर्फ तडकत होता. बर्फ तडकताना जो आवाज होतो, तो त्यांनी मुलीच्या नावात मधोमध घातला. असं अक्षर दुसऱ्या कुणाच्या नावात नव्हतं, म्हणून यंत्रांतही नव्हतं. हाताने लिहायचे तोवर ठीक होतं. मग सगळीकडे यंत्रं आली. बँकेत दुसरं अक्षर, दवाखान्यात तिसरं, पेन्शनच्या कागदावर नुसता चौकोन. एका खिडकीवरचं नाव दुसऱ्या खिडकीवर जुळायचं नाही. नवरा गेला तेव्हा आपण त्याचीच बायको आहोत हे सिद्ध करायला त्यांना दीड वर्ष लागलं. "म्हणून आई सगळ्याला चालेल म्हणते," ती म्हणाली. "तिने तोच शब्द आधी शिकून घेतला."

मी जिन्याच्या पहिल्या पायरीवरून परत खाली आलो. मला लाज वाटत होती आणि ती कुठे ठेवावी ते कळत नव्हतं.

"नवी यादी घालता येणार नाही का?" मी विचारलं.

"येईल. पण पॅनेलची आतली सगळी व्यवस्था बदलावी लागते. त्याला कंपनीची मंजुरी लागते आणि तुमच्या कमिटीचा ठराव लागतो. एका अक्षरासाठी कंपनी सहसा करत नाही." तिने पिशवी बंद केली. "बघा, प्रयत्न करा."

मी मीटिंग बोलावली. विषय एकच. मी माझ्या परीने मांडणी केली, पण मला ती नीट जमली नाही. लोक घड्याळाकडे बघत होते. कुणीतरी म्हणालं, त्यांनीच चालेल म्हटलंय ना, मग आपण कशाला जीव काढतोय? दोनतीन माना हलल्या. आणि मग मागच्या खुर्चीवरून अपेक्षित आवाज आला.

"माझी हरकत आहे."

मी डोळे मिटले. संपलं, म्हटलं.

हरकतकाका उभे राहिले. ते एरवी बसूनच हरकत घेतात. "छत्तीस वर्षं," ते म्हणाले, "मी लोकांचे कागद परत केले. नाव जुळत नाही, असा शिक्का होता माझ्याकडे. एका काना-मात्रेच्या फरकावर मी बायकांना परत पाठवलंय. नियमच होता तसा. त्या परत कुठे जात असतील असा विचार मी केला नाही." त्यांनी खिशातून रुमाल काढला, पण वापरला नाही. "या इमारतीच्या दारावर अपुरं नाव लावायला माझी हरकत आहे. लेखी नोंद घ्या."

मी नोंद घेतली. ती ओळ रजिस्टरात जरा तिरकी आहे. ठराव एकमताने मंजूर झाला.

कंपनीला पत्र हरकतकाकांनीच लिहिलं. चार पानं, सतरा मुद्दे, प्रत्येक मुद्द्याला पोटमुद्दे. त्यांच्या जाहिरातीत "प्रत्येक रहिवाशाचं नाव" असं छापलंय, त्यातल्या "प्रत्येक" या शब्दाची व्याख्या त्यांनी मागितली होती. आठ दिवस उत्तर आलं नाही, तेव्हा त्यांनी पहिल्या पत्राची आठवण करून देणारं सहा पानांचं दुसरं पत्र लिहिलं. मी फोनवर फक्त संगीत ऐकलं होतं. त्या माणसाने नुसत्या कागदावर अख्खी कंपनी नमवली. बाराव्या दिवशी पोक्त बाई पिशवी घेऊन दारात हजर झाली. "कोण आहेत हे?" तिने मला दबक्या आवाजात विचारलं. "आमच्या साहेबांनी विचारलंय की आणखी पत्र येणार आहे का."

तिने दुपारभर काम केलं. चारच्या सुमाराला काच लावली, पुसली आणि बाजूला झाली. सगळी इमारत पायरीवर उतरली होती, माझी बायको हातातलं काम टाकून आली होती. दंतवैद्य दवाखाना बंद करून आले होते. लेकीने आजींना हाताला धरून बाहेर आणलं. आजींनी टोपी घातली होती. आमच्यामागे दार आपोआप बंद झालं.

आजी एकट्या पुढे झाल्या. बोटाने यादी सरकवली, अगदी हळू. आमची नावं वर गेली, आणि मग त्यांचं नाव आलं. तीन अक्षरं. मधलं अक्षर जागच्या जागी, तळाच्या तुकड्यासकट.

त्यांनी ते दाबलं नाही. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग मागे न वळता त्यांनी ते नाव मोठ्याने वाचलं. मधल्या अक्षराला खरंच काहीतरी तडकल्यासारखा आवाज होता. घराबाहेरच्या यंत्रावर लिहिलेलं स्वतःचं नाव त्यांनी असं पुरतं वाचलं ते पहिल्यांदाच, हे लेकीने आम्हाला नंतर सांगितलं.

मग आजींनी बोट टेकवलं. वर तिसऱ्या मजल्यावर बेल वाजली. उघड्या खिडकीतून आम्हा सगळ्यांना ऐकू आली.

दार काही उघडलं नाही. उघडणार कोण? त्या घरातली सगळी माणसं खाली पायरीवर उभी होती. नुसती त्या घरातली नाही, चोवीस घरांतली. ही गोष्ट माझ्या नियोजनातून सुटली होती, आणि माझ्या बायकोने ती कोपराने माझ्या बरगडीत कळवली.

"सेक्रेटरी, तुमचं कार्ड काढा," कुणीतरी म्हणालं.

माझा हात खिशात होता आणि कार्ड हातात होतं. पण आजींनी पुन्हा बोट टेकवलं होतं. वर बेल वाजली. त्यांनी मान वर करून ऐकलं, आमच्याकडे वळून हसल्या, आणि परत दाबलं.

"वर राहिलं," मी म्हणालो.

लोकांनी हरकतकाकांकडे बघितलं. त्यांचं कार्ड बाहेर निघालं होतं, अर्धं बोटांत, अर्धं खिशात. ते क्षणभर आजींकडे बघत राहिले. मग त्यांनी कार्ड खिशात खोल सारलं.

"माझंही," ते म्हणाले.